पोलिसाचं तिकीट

मैत्रिणीने पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाली, "वाच, हसून हसून लोळशील." पुस्तकाचं निम्मं नुकसान तिथेच झालं. लोळायच्या तयारीने बसलेलं माणूस कधी लोळत नाही.

जुन्या-नव्या मिळून सव्वीस गोष्टी होत्या, सगळ्या इंग्रजी. भुतं, चेटकिणी, बोलणारी जनावरं, वर देऊन पस्तावलेल्या देवता, आणि या सगळ्यांकडे 'आता हे काय नवीन' अशा नजरेने बघणारी साधी माणसं. विनोदी अद्भुतकथा म्हणावं असा प्रकार. एका रविवारी सकाळी सुरू केलं. दुपारपर्यंत नऊ संपवल्या. दहावी अर्ध्यावर आली तेव्हा लक्षात आलं, की गेला तासभर आपण हसलेलोच नाही. ड्रॅगन आला की याला सर्दी झालेली असणार, जादूगार आला की याच्या मंत्रात एक अक्षर चुकणार, हे आधीच कळायला लागलं होतं. पुस्तक पालथं ठेवलं, ते तीन आठवडे पालथंच राहिलं.

चूक माझ्या वाचण्यात होती. कादंबरीत एकदा शिरलं की त्या जगाचे नियम अंगवळणी पडतात. इथे दर पंधरा पानांनी नवं जग, नवे नियम, आणि प्रत्येक वेळी वाचकाने नव्याने 'बरं बाबा, मान्य' म्हणायचं. नऊ वेळा मान्य म्हटल्यावर दहाव्या वेळी माणूस न वाचता सही करतो.

दुसऱ्यांदा घेतलं ते रात्री झोपण्यापूर्वी एकच गोष्ट, कितीही आवडली तरी पुढची नाही, असं ठरवून. शिवाय प्रत्येक गोष्टीला एक चिठ्ठी, पुस्तकातच खोचलेली. चिठ्ठीवर दोनच प्रश्न: 'थाप काय?' आणि 'पंचाईत कोणाची?' ही शिस्त मला कुठून सुचली कोण जाणे, मी एरवी किराण्याची यादीही नीट करत नाही. पण दहा-बारा चिठ्ठ्या झाल्यावर एक गंमत दिसली. ज्यांची थाप सांगायलाच सहा ओळी लागल्या, त्या गोष्टी फसलेल्या होत्या. ज्यांची थाप चार शब्दांत संपली आणि पंचाईत चिठ्ठीच्या पाठीमागे गेली, त्या आठवून मी भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी हसत होते.

एच. जी. वेल्सच्या दोन गोष्टी त्यात होत्या आणि दोन्हींच्या चिठ्ठ्या पाठपोट भरल्या होत्या. वेल्सने १९३३ साली आपल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या एकत्रित आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तीत त्याने हे गुपित फोडूनच ठेवलंय. डुकरं उडतात म्हणा, हरकत नाही. पण मग त्यातलं एक कुंपणावरून थेट तुमच्या अंगावर आलं तर तुमची काय अवस्था होईल ते बघा. अशक्य गोष्ट एकच घ्यायची आणि बाकी सगळं रोजच्यासारखं ठेवायचं. जिथे काहीही घडू शकतं, तिथे कशातच रस उरत नाही. पुढे १९३९ ते १९४३ या काळात अमेरिकेत 'अननोन' नावाचं मासिक निघालं, त्यातल्या लेखकांनी जादूला अगदी रीतसर नियमांत बसवलं. ३९ अंक निघाले आणि युद्धातल्या कागदटंचाईत ते बंद पडलं. त्या वळणाच्याही काही गोष्टी या संग्रहात होत्या. काही झकास. काही मात्र हिशेबनिसाने लिहिल्यासारख्या, नियम चोख आणि माणूस कुठेच नाही.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या गोष्टी गोवल्या. लहानपणी त्यातल्या प्रेताची भीती वाटायची. आता हसू येतं ते अटींचं. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे राजा हुशार आहे हीच राजाची अडचण. जरा मठ्ठ असता तर पहिल्याच फेरीत काम झालं असतं. आणि शेवटी त्याचं काम होतं तेही उत्तर न आल्यामुळेच! इतकी वर्षं मी ही गोष्ट गंभीर समजत होते.

आता पुढचा भाग, जो मला खरं तर सांगायचा आहे. भीतीची गोष्ट एकट्याने वाचून पांघरूण डोक्यावर ओढता येतं. विनोदी गोष्ट कोणाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि सांगायला गेलं की ती हातात मरते. माझ्या हातात लागोपाठ तीन मेल्या.

पहिली मेली फोनवर. एका परिच्छेदाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, जिने पुस्तक दिलं तिलाच. उत्तर आलं: 'हाहा'. लगेच खाली, 'उद्या येतेयस ना?' ते 'हाहा' हसणं नव्हतं, पोच होती.

दुसरी ऑफिसात मेली. जेवणाच्या सुट्टीत मी उत्साहाने सुरुवात केली, "अरे, एक जाड माणूस असतो, तो औषध घेतो आणि तरंगायलाच लागतो, म्हणजे फारच विनोदी आहे हं," आणि मीच हसायला लागले. शेजारचा सहकारी सभ्य माणूस आहे, थांबला. "मग?" म्हणाला. "मग काय, शेवटी शिशाचे कपडे घालून फिरतो." तो "अच्छा" म्हणाला आणि डब्याचं झाकण लावायला लागला. ते झाकण बराच वेळ लागत नव्हतं.

तिसरं पुस्तकच मेलं. चुलतभावाला दिलं, दोन महिन्यांनी परत आलं, खूण चौथ्या गोष्टीत. चौथी त्या संग्रहातली सगळ्यात भिकार गोष्ट आहे. त्याने बिचाऱ्याने पहिल्या पानापासून क्रमाने वाचलं होतं, जसं कोणीही वाचेल. कथासंग्रह उसना देताना कुठून सुरुवात करायची ते सांगून द्यावा, हे मला तेव्हा कळलं. संपादकाने क्रम कोणत्या हिशेबाने लावला होता, तो त्यालाच ठाऊक.

मग मावशी आली. म्हणजे ती होतीच, मला सुचायला उशीर झाला.

मावशी जन्मभर वाचत आली. गेल्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांना मॅक्युलर डिजनरेशन झालंय. पडद्याचा मधला भाग जातो, कडेचं दिसत राहतं. चालता-फिरता येतं, अक्षर मात्र लागत नाही, कारण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. "माणसं दिसतात गं, तोंडं दिसत नाहीत," ती सांगते, आणि वर, "काही जणांच्या बाबतीत सोयच झाली." रात्री नऊला मी तिला फोन करते. एकदा बोलायला विषय संपले, तेव्हा म्हटलं, गोष्ट वाचू का? इंग्रजी आहे, पण मी मराठीत सांगत जाईन. "चालेल. पण हसू नकोस मध्येमध्ये," ती म्हणाली. "तू लहानपणी विनोद सांगायला आलीस की अर्ध्यातच फिस्सकन हसायचीस, आम्हाला कधी शेवट कळला नाही."

हा टोला वर्मी बसला. ऑफिसातला तो डबा आठवला.

गोष्ट मुद्दाम तीच घेतली, वेल्सची १९०३ सालची, पायक्राफ्ट नावाच्या अगडबंब माणसाची. क्लबात बसून खाणं आणि जाडीची रड गाणं, हा त्याचा उद्योग. गोष्ट सांगणाऱ्याकडे त्याच्या पणजीने ठेवलेली काही जुनी औषधं लिहिलेली असतात, आणि ही पणजी हिंदू. ("बघ, आपलीच कोणीतरी," इति मावशी.) पायक्राफ्ट मागे लागून त्यातलं एक मिळवतो, नाक दाबून घेतो, आणि त्याचं वजन जातं. फक्त वजन. जाडी जिथल्या तिथे. तो एवढा मोठा देह फुग्यासारखा वर जाऊन छताला टेकतो. हे सगळं मी बातम्या वाचाव्यात तशा आवाजात सांगितलं. फोनवर एक फायदा असतो, तोंड दिसत नाही. म्हणजे तिला कोणाचंच दिसत नाही, पण माझं मला सांभाळावं लागत नव्हतं.

"थांब," मावशी म्हणाली. "मग तो झोपतो कसा?"

एरवी मी 'ऐक तर पुढे' म्हटलं असतं. पण पान उलटलं तर वेल्सने त्याचंच उत्तर लिहून ठेवलेलं. छतालाच बिछाना केला. तारेची गादी वर ठोकली, आणि पांघरुणाला कडेने बटणं लावली.

"बटणं कशाला?"

"नाहीतर पांघरूण खाली पडेल."

पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग आधी श्वास घेतल्यासारखा आवाज आला, आणि मग ती जी हसायला लागली, ती मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तरंगण्याला ती हसली नव्हती, छताला टेकण्यालाही नाही. ती बटणांना हसली. ऑफिसात मी बटणं गाळली होती. थाप सांगितली, शेवट सांगितला, आणि मधली पंचाईत, म्हणजे माझ्या चिठ्ठीची अख्खी मागची बाजू, वेळ वाचवायला सोडून दिली होती.

"आणि खाली यायचं असलं तर?" तिचा पुढचा प्रश्न. त्याचीही सोय आहे. उघड्या कपाटाच्या माथ्यावर 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या दहाव्या आवृत्तीचे खंड ठेवलेले. दोन खंड कवटाळले की पायक्राफ्ट अलगद जमिनीवर येतो.

"म्हणजे ज्ञानाचं वजन पडतं म्हणतात ते खरं," मावशी म्हणाली. हे वेल्सला सुचलं नव्हतं.

या गोष्टीने मला भाषांतर सोपं असतं असा गैरसमज करून दिला. पायक्राफ्ट जन्मभर 'जाडी' म्हणत नाही, लाजून 'वजन' म्हणतो, आणि नेमकं मागितलं तेच त्याला मिळतं. इंग्रजीतली ही खोच मराठीत जशीच्या तशी बसते, कारण आपणही कोणी 'मला चरबी कमी करायची आहे' असं म्हणत नाही, 'वजन उतरवायचंय' म्हणतो. उलट आपल्याकडे थोडं वरकड मिळतं. "इतर लोक कचेरीत वजन वाढावं म्हणून मरमर करतात, आणि याने होतं ते घालवलं," ही भर मावशीची.

दुसऱ्या गोष्टीने नाक ठेचलं. तीही वेल्सचीच, १८९८ सालची. चमत्कारांवर अजिबात विश्वास नसलेला एक कारकून दारूच्या गुत्त्यात वाद घालतो, की समजा, हा दिवा उलटा होऊन तसाच जळत राहिला तर त्याला चमत्कार म्हणावं, आणि दिवा उलटा होऊन तसाच जळत राहतो. कारकुनाचं नाव फोदरिंगे. नाव ऐकताच मावशी म्हणाली, "हे तर आपल्यातलंच आडनाव आहे." तिथून पुढे माझ्या डोळ्यांसमोर तो कारकून धोतरातच आला, इलाज नव्हता.

पेच पुढे पडला. रात्री एक पोलीस फोदरिंगेला हटकतो, आणि तो वैतागून त्याला 'हेडीजमध्ये जा' म्हणतो, हेडीज म्हणजे ग्रीकांचं पाताळ. आता बोललेलं सगळं खरं होत असल्यामुळे पोलीस खरोखरच तिथे जातो. मराठीत काय म्हणायचं? मी सहज 'खड्ड्यात जा' म्हणून गेले आणि लगेच अडकले. खड्ड्यात गेलेला पोलीस चढून वर येईल.

"मसणात जा म्हण," मावशी.

"मसण गावातच असतं, मावशी. दहा मिनिटांत परत येईल."

"गेलास उडत?"

"मग उडेल. उडणारा पोलीस ही वेगळी गोष्ट झाली."

"चुलीत जा?"

हे जवळजवळ जमलं होतं, कारण पुढे फोदरिंगेला काळजी लागते, की त्या धगीत पोलिसाचे कपडे होरपळले तर नसतील. चूल त्याला उत्तम. पण मावशीनेच हरकत घेतली: "एवढा थोराड पोलीस चुलीत मावेल कसा?" शेवटी 'नरकात जा' वर आलो, जे पुस्तकी आहे, तोंडात बसत नाही आणि रागाच्या भरात कोणी म्हणत नाही. पण नरकात जागा भरपूर आणि धगही आहे. एका शिवीवर आमची वीस मिनिटं गेली. गोष्ट तिथेच थांबली आणि दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाली. इतकी मजा मला गोष्ट पहिल्यांदा वाचतानाही आली नव्हती.

कपडे होरपळण्याची काळजी वाटून फोदरिंगे पोलिसाला नरकातून उचलतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला पाठवतो. म्हणजे इंग्लंडातून अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्याला. आता तो तिथून परत येणार आणि आपल्याला धरणार, म्हणून आठवेल तसा, दर काही तासांनी, चमत्कार करून त्याला परत तिथे पोचवायचं. हे सगळं तो एका पाद्र्याला प्रामाणिकपणे सांगत असतो, आणि सांगता सांगता त्याला आणखी एक गोष्ट खटकते: तो पोलीस बिचारा दर वेळी तिकीट काढत असेल तर त्याला केवढ्याला पडत असेल!

हे वाक्य मी अगदी सपाट वाचलं. मावशी हसली नाही. "बरं, पुढे," म्हणाली. मी हिरमुसले, दोन पानं आणखी वाचली आणि फोन ठेवला. रात्री साडेअकराला तिचा फोन. या वयाच्या माणसाचा साडेअकराला फोन म्हणजे पोटात गोळाच येतो. उचलला तर पलीकडून, "अगं, पण त्याला हे पैसे परत कोण देणार? चौकीत काय कारण लिहून देईल तो?" आणि पुढे तिला बोलताच येईना. ती अंधारात पडल्या पडल्या इतका वेळ त्या पोलिसाच्या प्रवासखर्चाचा विचार करत होती.

काही हसू असं उशिरा पोचतं. फोटो पाठवून 'हाहा' मिळवणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

गोष्टीचा शेवट तिला पटला नाही, हेही सांगते. पाद्र्याच्या नादाने फोदरिंगे पृथ्वीला फिरायचं थांब म्हणतो, आणि ती थांबते. पण तिच्यावरची घरं, माणसं, गुरं काही थांबत नाहीत. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, इंग्लंडच्या अक्षांशावर त्याहून कमी, पण व्हायचा तो चुराडा होतोच. मावशी शांतपणे म्हणाली, "हळूहळू थांब म्हणायचं. बस थांबवताना ड्रायव्हर म्हणतो का एकदम?" मला याला उत्तर सुचलं नाही. वेल्सलाही सुचलं नसतं, असं वाटतं.

यानंतर 'साकी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाचा बोका. 'टोबरमोरी' ही गोष्ट मी राखून ठेवली होती, कारण तिची चिठ्ठी सगळ्यात छोटी आहे: थाप, 'बोका बोलतो'. पंचाईत, 'सगळ्यांची'. एका बंगल्यात पाहुणे जमलेत, त्यातल्या एकाने घरच्या बोक्याला माणसासारखं बोलायला शिकवलंय, आणि इतके दिवस खिडक्यांच्या कठड्यांवरून फिरत असलेल्या बोक्याला सगळ्यांचं सगळं माहीत आहे.

इथे मराठीने असा खोडा घातला, जो इंग्रजीला घालता येत नाही. बोका बाईंशी बोलताना 'तू' म्हणेल, 'तुम्ही' म्हणेल की 'आपण'? इंग्रजीत एका 'यू'त काम होतं. मी आधी 'तू' करून बघितलं, तर तो उनाड कार्टं वाटायला लागला. 'तुम्ही' म्हटलं तर घरगडी. 'आपण' म्हटल्याबरोबर मात्र बोक्याची पाठ ताठ झाली. एक बाई त्याला विचारतात, माझ्या बुद्धीबद्दल तुझं काय मत? बाई 'तू' म्हणतात आणि बोका 'आपण'ने उत्तर देतो. आपल्याला बोलवायचं ठरलं तेव्हा घरमालकांनी विरोध केला होता, आपल्याइतकी बिनडोक बाई त्यांच्या पाहण्यात नाही म्हणाले. त्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, की म्हणूनच तर बोलवायचं, आमची जुनी मोटार विकत घेण्याइतकं मूर्ख दुसरं कोणी नाही. ती मोटार ढकलली तर चढ छान चढते. हे सगळं 'आपण'मध्ये ऐकवल्यावर मावशीला साकी लिहिणारा कोणी मराठीच असावा असं वाटलं. तसंच आणखी एक: 'मांजर बोललं' म्हटलं की गोष्ट बालवाडीतली होते, 'बोका म्हणाला' म्हटलं की मोठ्या माणसांची. नपुंसकलिंगात अपमान करता येत नाही.

बोका शेवटी दुसऱ्या बोक्याशी झालेल्या मारामारीत मरतो. मावशीने ते मरण नामंजूर केलं. "एवढं माहीत असलेला प्राणी असा रस्त्यात मरत नाही," ती म्हणाली, "त्याला कोणीतरी सांभाळायला घेतलं असणार, आणि तो आता त्यांच्याकडे बोलत असणार." मी वाद घातला नाही. पण त्याला बोलायला शिकवणारा पुढे जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयात हत्तीला व्याकरण शिकवताना हत्तीच्याच हातून मरतो, ते तिने लगेच मंजूर केलं.

सगळ्याच रात्री अशा गेल्या नाहीत. ऑस्कर वाइल्डचं १८८७ सालचं कँटरविलचं भूत तिला आवडलं, मला अर्धंच. त्या भुताने जमिनीवर जपलेला रक्ताचा डाग वाड्याचे नवे मालक रोज डागनाशकाने पुसतात. भूत रोज रात्री तो पुन्हा रंगवतं, लाल रंग संपतो, आणि एक दिवस डाग हिरवा येतो. मालक मग त्या खणखणणाऱ्या साखळ्यांना लावायला तेलही देतात. इथवर मी त्या भुताच्या बाजूने होते. पुढे वाइल्ड हळवा होतो, भूत रडतं, एक मुलगी त्याच्यासाठी प्रार्थना करते. मावशी म्हणाली, भुतालाही कधीतरी झोप हवीच की. असेल. आणि नव्या गोष्टींपैकी एक, जी सगळी इंग्रजी कोट्यांवर उभी होती, ती मी दुसऱ्या पानावर सोडून दिली. प्रत्येक कोटीला 'म्हणजे इंग्रजीत याचे दोन अर्थ होतात' असं सांगत बसणं हा दोघींवर अत्याचार होता.

मग मावशीने मागणी केली, की हे ध्वनिमुद्रित करून दे, मला पुन्हा ऐकायचंय, आणि मैत्रिणींनाही द्यायचंय. इथे मी थोडी थबकले. स्वतःच्या मावशीला फोनवर वाचून दाखवणं वेगळं, आणि ध्वनिमुद्रण करून वाटत सुटणं वेगळं. वाइल्ड १९०० साली गेला, साकी १९१६ साली, वेल्स १९४६ साली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क सरतात, बऱ्याच देशांत ७० वर्षांनी. या दोन्ही हिशेबांनी हे तिघे सगळ्यांचे झाले आहेत. संग्रहातल्या नव्या लेखकांचं तसं नाही, म्हणून त्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या नाहीत. पुस्तकच फिरवलं. यावेळी आत सात चिठ्ठ्या ठेवून आणि 'चौथी गोष्ट वाचू नये' असं पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून. अर्थात आता सगळे आधी चौथीच वाचतात.

ध्वनिमुद्रण करताना पहिल्या तीन खेपा वाया गेल्या. मी पुन्हा आवाजात हसत होते. ऐकताना ते इतकं स्पष्ट कळतं की लाज वाटते. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर जातो, जणू 'आता हसा' अशी पाटी धरली आहे. चौथ्या खेपेला मी समोर विजेचं बिल ठेवलं आणि ते वाचतेय असं समजून गोष्ट वाचली. ती बरी झाली.

परवा भावाचा मुलगा आला होता. अकरा वर्षांचा आहे, पुस्तक समोर धरलं तर त्याला तहान लागते. मी काही काढायच्या आत तोच म्हणाला, "आत्या, तुला एक गोष्ट सांगू? मावशीआजीने सांगितली." आणि अजिबात न हसता सुरुवात केली. एक फोदरिंगे म्हणून असतो. तो एका पोलिसाला नरकात पाठवतो. नरक हा शब्द त्याने सहज घेतला, आमची वीस मिनिटं त्याला माहीत नाहीत. उलटा दिवा मावशीने गाळला होता. बोका मात्र कुठूनतरी या गोष्टीत आला होता, आणि फोदरिंगेला 'आपण' म्हणत होता. पोलीस सॅन फ्रान्सिस्कोहून परत यायला निघतो, तिकीट काढतो, फोदरिंगे त्याला परत पाठवतो, तो पुन्हा तिकीट काढतो.

"मग त्याचे पैसे संपले असतील," मी म्हणाले. हसू नये म्हणून मी गालाचं आतलं कातडं दातात धरलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मग त्याने पास काढला."

"पासाला फोटो लागतो."

त्याने माझ्याकडे, मलाच काही कळत नाही, अशा नजरेने पाहिलं. "आहे ना फोटो. त्यात त्याचे कपडे जळलेले आहेत."